पूंकुडी स्टेशनातली चिठ्ठी

“विनुता, उद्याचा कार्यक्रम थांबव! तिकीट खिडकीच्या खणात चिठ्ठी सापडलीय.”

वरुणरावांचा फोन ऐकून विनुता तशीच निघाली. तंजावूरच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता तिनं पापनाशमजवळच्या पूंकुडी या बंद स्टेशनाचा इतिहास दोन वर्षं खपून लिहिला होता.

१९६४ साली इथे दोन गाड्या समोरासमोर आल्या, रूळ बदलणारा एक पॉइंट्समन त्यात दगावला. खापर फुटलं स्टेशनमास्तर रघुनाथरावांच्या डोक्यावर. पण पुढल्या स्टेशनच्या शेषगिरीरावांनी ‘लाइन मोकळी आहे’ असं फोनवर कळवल्याची नोंद विनुताला जुन्या वहीत मिळाली; म्हणजे चूक त्यांची होती. उद्या स्टेशनात रघुनाथरावांच्या नावानं वाचनालय उघडणार होतं. त्यांची ऐंशी वर्षांची लेक शेषम्मा तेवढ्यासाठी जीव धरून होती. वाचनालयाचे चिटणीस वरुणराव हे शेषगिरीरावांचे नातू.

तासाभरात विनुता स्टेशनात पोचली. शेषम्मा बाकावर बसून होती. चिठ्ठी देवनागरीत, चूक आपलीच असल्याची, खाली रघुनाथरावांची सही. मध्येच वाळवीनं खाल्ल्यासारखं भोक.

“अक्का, हे अप्पांचं अक्षर?”

“मजला कसं कळावं ग? हें वाचतां येत नाहीं. अप्पा मराठी लिहायचे तें तमिळ अक्षरांत. अम्ही घरांत सगळे तसंच लिहितों.”

विनुतानं चिठ्ठी वरुणरावांपुढे धरली. “वरुणराव, तुमची नोकरी नागपुरात झाली. अक्कांना वाचून दाखवता?”

वरुणराव घडाघडा वाचू लागले. “‘...त्या दुपारी बारशाचं जेवण जेवून माझा डोळा लागला. पुढल्या स्टेशनाचा निरोप न येताच मी गाडी सोडली...’”

शेषम्मानं पदर तोंडाला लावला.

“पुरे,” विनुता म्हणाली. “बारशाचं जेवण कुठे लिहिलंय, दाखवा.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं. तिथे नेमकं भोक होतं.

“आम्ही तंजावूरचे मराठी, आमच्यात देवनागरी कितीजणांना येते? रघुनाथराव तर तमिळ अक्षरांत लिहीत. तुम्हाला मात्र येते. कागद जुना दिसावा म्हणून भोक तुम्ही मागाहून पाडलंत, पण तिथला मजकूर तुम्हाला पाठ होता. तो लिहिणाऱ्यालाच ठाऊक असणार.”

वरुणरावांनी चिठ्ठी बाकावर ठेवली. “माझ्या नातवाचं नाव शेषगिरी ठेवलंय. त्याला काय सांगू मी?”

शेषम्मा काठी टेकत उठली. तिला रडू आवरत नव्हतं.

“त्या आरोपापायीं माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेंव्हां मजला काय सांगावं तें अप्पांनाही कळलं नाहीं, वरुणा. उद्या नातवाला घेऊन ये. मी सांगतें त्याला. रागवत नाहीं.”