बमरोलीच्या भिंतीवरचं 'बठ्ठा'

पणजोबा दगा खानदेशातून सुरतेच्या गिरणीत आला, त्याचा उखा मागावर उभा राहिला, उखाचा भूपेंद्र रंगखात्यात शिरला. आणि भूपेंद्रची हर्षदा मात्र सुट्टीतल्या त्या सकाळी सुरतेतल्याच बमरोलीच्या गिरणीच्या भिंतीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"परत पुसला!" ती ओरडली.

भिंतीवरचं चित्र साऱ्या वस्तीनं मिळून काढलं होतं. त्यात माग होते, डोक्यावर कापडाचे ताके घेतलेल्या बायका होत्या, रेल्वेतून उतरणारी कुटुंबं होती. बाहेरगावचे पाहुणेही ते पाहायला थांबत. प्रत्येक घरानं आपल्या बोलीतला एक शब्द दिला होता. हर्षदाची आजी, धुरपदाबाई, हिनं दिला होता: 'बठ्ठा या'. उद्या चित्राचं उद्घाटन, आणि त्या शब्दावर दुसऱ्यांदा चुना!

"मना शब्द नही, तं मी भी नही," आजीनं घरी जाहीर केलं. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती?

"भुताचं काम असेल," शेजारचा प्रज्ञेश म्हणाला.

"भूत बादली घेऊन येतं का रे, शहाण्या? हे बघ, बादलीचा गोल डाग!"

दोघांनी ओल्या फडक्यानं चुना पुसला. खालची तेलरंगातली अक्षरं पुन्हा दिसू लागली. मग हर्षदानं घरून मेणबत्ती आणली आणि अक्षरांवर भरपूर मेण घासलं.

"चुना पाण्यातला. मेणावर ठरेल कसा?"

"हर्षदा, तू तर वैज्ञानिक निघालीस!"

"आता गप्प बस, नाहीतर तुलाच चुना फासेन!"

दुपारी गल्ली सामसूम झाली. ताक्यांनी भरलेल्या हातगाडीमागे दोघं दबा धरून बसली. बादली घेऊन आले ते ललितभाई, भिंतीच्या रंगकामाच्या कंत्राटदाराचे मुकादम! त्यांनी कुंचला फिरवला. चुना ओघळून थेट त्यांच्या बुटांवर आला. पुन्हा फिरवला, पुन्हा ओघळला!

"अरे, आ शुं?"

"पकडलं!" हर्षदानं उडी घेतली. "काका, आमच्या आजीचा शब्द का पुसता?"

"बेटा, स्पेलिंगच खोटं छे! 'बैठा' पाहिजे. अन् 'बैठा या' लिहिलं, तर सगळे इथेच येऊन बसतील. साहेब मला रागावतील."

हर्षदा पोट धरून हसली. "बसायचं नाही हो, काका! आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे या!"

ललितभाईंचा कुंचला हवेतच राहिला. "बधा? गुजरातीत अमे पण 'बधा आवो' कहीए! अरेरे, मला विचारायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी 'बठ्ठा या'च्या खाली त्यांच्या हातचं 'बधा आवो' झळकत होतं. पाहुण्यांनी मुलांची पाठ थोपटली. धुरपदाबाई नऊवारी नेसून, ताठ मानेनं आल्या. ती दोन ओळींची जोडी त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"ललितभाई, सासऱ्यांबरोबर मी या शहरात उतरले, तेव्हा आम्हांला कुणी ओळखत नव्हतं. एका दारातून सरलाबेन नावाच्या बाई म्हणाल्या, 'आवो, बधा आवो.' त्या बोलावण्याचं ऋण आमच्या घराण्यावर होतं. आज या पोरीनं माझा शब्द राखला, अन् साऱ्या शहराला तेच बोलावणं गेलं." त्यांनी हर्षदाच्या डोक्यावर हात ठेवला. "फिटलं. पुरतं फिटलं."