वीणा खाली ठेवता येत नव्हती

विठ्ठलाची शपथ घेऊन सांगते, यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

एप्रिल २०२५. पोखर्णीजवळच्या आमच्या गावातला हरिनाम सप्ताह. सहावी पहाट.

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकानं गळ्यात घेऊन उभं राहायचं, दुसरा पहारेकरी आला की त्याच्या गळ्यात द्यायची. खाली ठेवली तर सप्ताह खंडला.

या सप्ताहाला एक गृहस्थ चार वर्षांपासून यायचे. सगळे त्यांना 'पाथरीवाले' म्हणत. अंधार पडला की यायचे, रात्रीचा पहारा मागून घ्यायचे.

कीर्तन रंगात आलं की खांबाआडून माझ्याकडं बघायचे. मी बघितलं की नजर खाली. बास, एवढंच... चार वर्षं!

पंगतीला बसत नसत. कुणी बुक्का लावायला गेलं की दोन पावलं मागं. एकदा मी चोरून मोबाईलवर फोटो काढला...

फोटोत नुसता खांब.

मोबाईलच खराब असंल, म्हटलं.

मी नवऱ्यानं टाकलेली, भावाकडं राहणारी. दादानं पालमचं स्थळ आणलं होतं. सप्ताहाच्या त्या सहाव्या सकाळीच होकार कळवायचा होता.

"त्या पाथरीवाल्याची वाट बघायलीस का गं?" वैनी टोमणा मारायची. "तुझे दात पडल्यावर बोलंल तो!"

त्या पहाटे काकडा संपला. सगळे आंघोळीला, धारा काढायला पांगले. पुढचा पहारा बजरंगचा. तो आलाच नाही.

मंडपात ते, त्यांच्या गळ्यात वीणा, आणि मी.

पूर्वेला तांबडं फुटायला लागलं...

"कुसुमबाई, वीणा घ्या."

माझा रागच उसळला. "चार वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं, ते बी यासाठी? आधी सांगा. मला मागणी घालायची हाय का न्हाई? आज दादाला जबाब द्यायचाय."

"उजाडायलंय, कुसुमबाई."

"उजाडू द्या की! रोज पळता. आज वीणा गळ्यात हाय, कुठं जाता?"

ते हसले नाहीत.

"तुमच्याजवळ यायची मला लय भूक हाय. म्हणून तर लांब उभा ऱ्हातो."

मला वाटलं, गोड बोलून टाळायलेत. मी हात मागं बांधले.

झावळ्यांच्या फटीतून पहिली तिरीप त्यांच्या हातावर पडली...

चर्रर्र...

तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज. केस जळाल्याचा वास. हात काळा पडत गेला.

तरी त्यांनी वीणा सोडली नाही.

मी किंचाळत वीणा माझ्या गळ्यात ओढून घेतली. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, ती रीत. ते वाकले. मीही डोळे मिटून वाकले.

मनगटाला काहीतरी गार लागलं...

डोळे उघडले. मंडप रिकामा.

"अहो!"

मंडपामागच्या उसात काहीतरी सळसळत गेलं. मागं धावायचं होतं मला... पण वीणा! तासभर तिथंच उभी राहिले. तोंडात रामकृष्णहरी, डोळ्यांत पाणी. पांडुरंगाला म्हटलं, बांधायचं होतं तर मलाच का बांधलंस?

मग बजरंग पळत आला. "चुकलं ताई, डोळाच लागला बघा... अन् तुमच्या मनगटाला रक्त कशाचं?"

सुईनं टोचल्यासारखे दोन ठिपके. दुखलं मुळीच नव्हतं.

दादाला मी नकार सांगितला. पाथरीला तीनदा जाऊन आले. असा माणूस तिथं कुणालाच ठाऊक नाही.

राग त्यांचा येतो, त्याहून जास्त माझा. चार वर्षं स्वतःला आवरून धरलेल्या माणसाला मी दोन मिनिटं उगाच अडवलं.

ते ठिपके अजून बुजत नाहीत. काकड्याला मी जाते. पण तांबडं फुटायला लागलं की पाय आपोआप घराकडं पळतात...

दार लावून अंधारात बसते. वैनी विचारते, काय झालं गं?

काय सांगू तिला?