बदल्यात त्याच तोलाचं

ताई, आधी दार लाव आणि मध्ये बोलू नकोस. तुला माहीत आहे, चष्म्याच्या दुकानात माझं अर्धं आयुष्य गेलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास गिऱ्हाइकांच्या नाकाकानांवर.

यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नुसतं चालायचा यांना कंटाळा, म्हणून डबे शोधायचं खूळ डोक्यात घेतलं. कुणीतरी आडरस्त्याला डबा लपवतं, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतं, बाकीच्यांनी मोबाईल बघत तो हुडकायचा. आत किडूकमिडूक असतं. आवडलं ते घ्यावं, पण बदल्यात त्याच तोलाचं काहीतरी ठेवावं, एवढाच नियम. त्यासाठी यांनी बटणं, किल्ल्यांच्या साखळ्या असल्या वस्तूंची एक पिशवीच केली होती. साठीचा माणूस आणि खेळ बघा. पण चालत होते ना, म्हणून मी मुकाट्याने गाडी चालवायचे. ऑपरेशनच्या खोलीबाहेर पुन्हा बसायची माझ्यात ताकद नव्हती.

त्या दुपारी एका छोट्या पुलाशी थांबलो. दोन्हीकडे शेतं, माणूस काही दिसत नव्हता. हे उतारावरून खाली गेले आणि मी गाडीत संत्रं सोलत बसले. ते खाऊन व्हायच्या आत हे वर आले. भराभर, एकदाही न थांबता. शेजारी बसले, तोंड मिटलेलं, श्वास अगदी शांत. मला इतका आनंद झाला, ताई, की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आला बाई चालण्याचा गुण.

गाडी काढली आणि यांच्या चष्म्याकडे लक्ष गेलं. यांचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे, म्हणून चष्म्याची डावी काडी मीच वाकवून दिलेली. तोच चष्मा आता तिरका दिसत होता.

"अहो, चष्मा वाकडा बसलाय तुमचा," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्याला हात लावला आणि नुसतेच हसले. गाडीत ओल्या मातीचा वास यायला लागला होता, वर्षानुवर्षं बंद असलेल्या विहिरीला येतो तसा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नाव यांचंच. गाडी चालवताना मी नेहमी स्पीकरवर घेते, तसाच घेतला.

"अगं... निघालीस कुठे?" धाप लागलेली. "मी अजून खालीच आहे... जरा बसलोय. दम लागलाय."

मी शेजारी पाहिलं नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं.

"डब्यातून काही घेतलंत का?"

"शिट्टी घेतली एक. बदल्यात ठेवायला... पिशवी घरीच राहिली गं. म्हटलं, पुढच्या वेळी ठेवू."

म्हणजे बदल्यात हेच राहिले होते. आणि माझ्या गाडीत बसलं होतं ते त्याच तोलाचं काहीतरी.

"आधी ती शिट्टी जागेवर ठेवा," मी म्हणाले. "येते मी."

शेजारचा माणूस मान कलती करून फोनमधली धाप ऐकत होता. कविता पाठ करताना मुलं ऐकतात तसं, ओठ हलवत.

गाडी वळवली. पुलाशी थांबताच तो न सांगता उतरला आणि खाली गेला. मीही उतरले, पण कठड्यापुढे पाय उचलेना. हाक मारली. खालून काहीच नाही... मग पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. हे वर आले. धापा टाकत, कठड्याला धरून. चष्मा सरळ. मी तिथेच रडले आणि घरापर्यंत यांना झाडत आले. फोन खाली कुठेतरी पडला म्हणाले. म्हटलं, जाऊ दे, माणूस मिळाला ना.

काल मी दुकानातून लवकर घरी आले. जिन्यात पावलं ऐकू आली, झपाझप, म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. हेच होते. तीन मजले चढून आलेले, तरी श्वास अगदी शांत. दारासमोर उभे राहिले. चष्म्याची काडी बोटाने नीट केली. मग तोंड उघडलं, धापा टाकायला लागले आणि नंतर बेल दाबली.

मी दार उघडलं. पाण्याचा पेला हातात दिला. दुसरं काय करणार होते?

ताई, माझा नवरा अजून तिथे पुलाखाली बसलाय, मी येईन म्हणून. काल रात्री त्यांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. इतक्या दिवसांनंतरही रिंग जाते, कुणी उचलत नाही. तू आत्ता माझ्याबरोबर चल. मला तिथे उतरायची भीती वाटते. ते असतील याची, आणि नसतील याचीही.

फक्त मागच्या जिन्याने उतरू. ते पुढे गाडीत बसलेत. तुझा जिना चढवणार नाही म्हणाले.