मोडक्या फळ्या आणि निळं नाक

"थांब, पाय देऊ नकोस!" ताई ओरडली.

पण मिठूनं फळीवर उडी मारलीच. कट्! फळी मधोमध मोडली आणि मिठू धपकन खाली बसला.

"माझं तर वजनच नाही!" तो कळवळला.

"वजन नाही, पण बडबड केवढी जड आहे तुझी!" ताई म्हणाली. एरवी सगळे खो खो हसले असते. आज कुणी हसलं नाही.

कारण परवा एका शाळेच्या पायऱ्यांवर उतार म्हणून टाकलेली अशीच फळी मोडली होती. चाकाच्या खुर्चीतला एक मुलगा तिच्यावरून खाली पडला, त्याचा हात मोडला.

सुट्टीत तिघं भावंडं मामीकडे आली होती : तेरा वर्षांची ताई, बडबड्या मिठू आणि आठ वर्षांची चिमटी. चिमटीच्या खिशात सतत कसली ना कसली चिमूट असायची. मामीचं घर फळ्यांच्या कारखान्याला लागूनच होतं. घड काढून घेतल्यावर फेकून दिलेल्या केळीच्या खांबांतून तिथे तंतू काढत. ते खडखडीत वाळवून, रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून तापलेल्या साच्यात दाबले की फळी तयार! इतकी हलकी, की चिमटीसुद्धा एकटी उचलायची.

ताईनं मोडलेली कड निरखली. "मामी, आत बघ, स्पंजासारखी भोकं!"

मामीचा चेहरा उतरला. "तंतू ओले राहिले, की साच्यात त्यांची वाफ होते. ती आतच कोंडते, मग फळी पोकळ होते. वाळवायचं काम माझं. उद्या सकाळी मालकीणबाई मला कामावरून काढणार, आणि काढावंच." दोन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"काय चाललंय? हे काय खेळायचं मैदान आहे? आ... आक्छी!" कारखान्याचे मुकादम शिंकतच आले. तिघं घरात पळाली.

चिमटीनं खिसा रिकामा केला. "ही काल संध्याकाळची तंतूंची चिमूट. मामीनं वाळवायची भट्टी बंद केली तेव्हाची. आणि ही आज सकाळची, साच्याजवळची."

ताईनं एकेक चिमूट चुरगळली. कालची कुरकुर वाजली. आजची गप्प! वातीसारखी मऊ, दमट.

"म्हणजे मामीनं नीट वाळवले होते!"

"मग ओले कुणी केले? भुतानं?" मिठूचे डोळे विस्फारले.

"भुताकडे किल्ली कुठली? सकाळी दार उघडतात ते मुकादमकाका."

दारातून मामीचा हळू आवाज आला, "पाहिल्याशिवाय कुणाकडे बोट दाखवू नये गं."

"मग पाहूच!" ताई म्हणाली. "चिमटे, धुण्याच्या निळीची पूड आहे का?"

"खिशातच आहे!"

संध्याकाळी मामीला मदत करायच्या निमित्तानं चिमटीनं वाळलेल्या तंतूंच्या वरच्या पेंडीच्या घडीत ती पूड लपवली. कोरडी असेपर्यंत ती कुणाच्या लक्षातही येणार नव्हती.

सकाळी आठला मालकीणबाई आल्या. मामी हात जोडून उभी होती. तेवढ्यात मुकादम नाक चोळत कारखान्यातून बाहेर आले आणि मिठूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यांचं नाक निळंशार झालं होतं!

"काका, आज पेंड्यांना हात लावलात?" ताईनं विचारलं.

"छे! मी फक्त केर काढतो."

"मग तुमचे हात?"

मुकादमांनी हात पाहिले. निळे! आत वरच्या पेंडीवर निळे ओघळ होते आणि भिंतीशी पाण्याची झारी उभी होती.

मुकादम मटकन स्टुलावर बसले. "बारीक धूळ उडते हो. शिंका थांबत नाहीत. दहा दिवस झाले, झाडायच्या आधी पेंड्यांवर जरासा शिडकावा करून त्या सरकवत होतो. वाटलं, एवढ्याशा पाण्यानं काय होतंय! पोर पडलं तेव्हा शंका आली, पण मानायला मन तयार होईना, आणि सांगायला जीभच उचलेना."

आता मिठूलासुद्धा हसू येईना.

"त्या जराशानंच मुलाचा हात मोडला," मालकीणबाई म्हणाल्या. मग मामीकडे वळल्या. "मी शहानिशा न करता तुम्हाला बोलले. चुकलं माझं. तुम्ही आहात तिथेच राहायचं. आणि पोरांनो, शाबास! आम्ही मोठ्यांनी करायचं ते तुम्ही केलंत."

"पण दहा दिवसांतल्या बाकीच्या फळ्या?" ताईनं विचारलं.

मुकादम उठले आणि निळ्या बोटांनी एकेका शाळेला फोन लावू लागले. "फळीवर कुणाला चढू देऊ नका. होय, चूक माझीच आहे." शेवटची फळी परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

मग मामी मुलांना आणि मुकादमांना घेऊन त्या मुलाच्या घरी गेली. मुकादम उंबऱ्यावरच थांबले. प्लॅस्टरमधला हात सांभाळत मुलगाच म्हणाला, "काका, नाकाला काय झालं?"

मुकादमांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. मुलानं प्लॅस्टरवरून बोट फिरवलं.

"मग नवी फळी कधी देणार?"

मुकादमांनी मामीकडे पाहिलं.

"वाळू दे, बाळा," मामी म्हणाली. "पुरती वाळू दे. तुझ्याआधी मी चढून बघीन."

त्या मुलाच्या आईनं ताटं वाढली. तीन दिवसांनी मामीनं पहिला घास घेतला.