गुलाबी पाण्याचा गहू

"थांब! त्या पाण्यात पाय टाकू नको!"

मंजुषा ओरडली तसा भूपेंद्रने उचललेला पाय मागे घेतला. चेंडू गोदामामागच्या नालीत पडला होता. नालीतून चक्क गुलाबी पाणी वाहत होतं! आणि काठावर चिमण्या मरून पडल्या होत्या.

"होळी तर केव्हाच झाली," रजत म्हणाला. "हे पाणी कुठून येऊन राह्यलं?"

गोदाम भूपेंद्रच्याच बाबूजींचं, हिरालालजींचं होतं. सिंदी गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान सर्वांत मोठं. मंजुषा आणि रजत ही नत्थूजी शेतकऱ्याची मुलं. १९९९च्या त्या उन्हाळी सुट्टीत तिघं रोज इथेच क्रिकेट खेळत.

तिघं भिंतीवर चढली. आत दोन माणसं टाक्यात गहू तुडवून धूत होती. धुतलेला गहू ताडपत्रीवर वाळत होता. रजतने हात लांबवून एक रिकामं पोतं ओढलं. त्याच्या शिवणीत गुलाबी दाणे अडकलेले!

"हे तर पेरायचं बियाणं!" मंजुषा दचकली. "कीड लागू नये म्हणून याले विष चोळतात. कोणी खाऊ नये म्हणून तर रंग देतात! पेरणी झाल्यावर आमचे बाबा साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीले शिवत नाई."

"मग हे काऊन धुऊन राह्यले?" रजतने विचारलं.

भूपेंद्रला एकदम आठवलं. कालच जेवताना बाबूजी फुशारकीने म्हणाले होते, "मंदिरातल्या सप्ताहाच्या महाप्रसादाले सगळा गहू आपल्याकडून!" न खपलेलं जुनं बियाणं गावाच्या ताटात जाणार होतं.

घरी जाऊन त्याने धीर करून विचारलं. उत्तरादाखल खाडकन कानाखाली बसली!

"तीन पाण्यानं धुतलं, आता काई होत नाई!" हिरालालजी कडाडले. "दुकानाच्या गोष्टीत तोंड घातलं तर हाडं मोडीन! अन् त्या नत्थूच्या पोट्ट्यांसोबत पुन्हा दिसू नको!"

कान चोळतच तो मंजुषा-रजतला घेऊन मंदिर समितीच्या महादेवरावांकडे गेला आणि सांगू लागला. ते तर पुरतं न ऐकताच अंगावर धावून आले.

"दान देणाऱ्यावर चिखल उडवता? चालते व्हा! अन् तू रे भूपेंद्र, बापाची बदनामी करतोस? शरम नाई वाटत?"

रस्त्यावर आल्यावर भूपेंद्रचे डोळे भरून आले. पण दुःखापेक्षा संतापच जास्त होता.

"आपलं कोणी ऐकत नाई ना?" मंजुषा दात-ओठ खात म्हणाली. "मग तुझ्या बाबूजींच्याच तोंडून ऐकवू!"

तिने बेत सांगितला. भूपेंद्र पांढराफटक पडला. "अन् बाबूजींनी थांबवलंच नाई तर?"

"तर थुंकून टाकजो," ती म्हणाली.

महाप्रसादाच्या दिवशी मांडवात गाव लोटलं. कढईतून पुऱ्यांचा पहिला घाणा निघाला. हिरालालजी हार घालून पुढे बसले होते. तेवढ्यात मंजुषा मोठ्याने म्हणाली, "ज्यांनी गहू दिला, पहिला घास त्यांच्याच घरचा!"

"बरोबर आहे!" लोक ओरडले.

भूपेंद्रने ताटातली गरम पुरी उचलली. बाबूजींकडे रोखून पाहिलं. ते कसनुसे हसले. मग त्यांनी नजर वळवली. भूपेंद्रने पुरी ओठांपर्यंत नेली, तोंड उघडलं...

"फेक! फेक ते, भूप्या!"

हिरालालजींनी झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. पुरी मातीत पडली.

"काऊन जी, हिरालालजी?" नत्थूजी सावकाश उठले. "प्रसादच तर आहे. आमच्या पोरांनी खाल्ला तर चालते, तुमच्या पोरानं काऊन नाई?"

रजतने त्या पोत्यातले गुलाबी दाणे खिशातून काढून महादेवरावांच्या हातावर ठेवले. हे दाणे कसले, ते मांडवातल्या शेतकऱ्यांना सांगायची गरजच पडली नाही. कोणी हिरालालजींची कॉलर धरली, कोणी शिव्या घातल्या. कणीक आणि पुऱ्या खड्ड्यात पुरल्या, गुराढोरांनीसुद्धा तोंड लावू नये म्हणून. खबर गेली तशी दुपारीच सरकारी माणसं आली आणि गोदामाला टाळं लागलं.

"तुले घरात पाय ठेवू देणार नाई!" मांडवातून जाता जाता हिरालालजी मुलावर गरजले.

महादेवरावांनी सगळ्यांसमोर मान खाली घातली. "पोरांनो, मी तुमच्यावर खेकसलो. चुकलो! आज तुम्ही गाव वाचवलं. शाबास!"

टाळ्या कडाडल्या. मंजुषा आणि रजत हसले. भूपेंद्रला मात्र हसू येईना. आता जायचं कुठे?

इतक्यात बायांच्या गर्दीतून त्याची आई, सुलोचनाबाई, पुढे आली. तिच्या डोक्यावर घरच्या कणकेचा डबा होता. नवऱ्याच्या शब्दाबाहेर तिला गावाने कधी पाहिलं नव्हतं. तिने डबा कढईजवळ दाणकन ठेवला.

"लाटा पुऱ्या!" ती म्हणाली. मग भूपेंद्रचा सुजलेला हात पदराने पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "जेव पोटभर. मग माझ्यासोबत घरी चल. पाहते मी, तुले कोण अडवते ते!"