सोत्याचं तोंड

वेदांत, मोबाइल खाली ठेव. संपदा, दाराकडे पाठ करून बसू नकोस, नंतर मला बोल लावशील. ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्यावर गुदरली ती आपल्या मंगला गौरीच्या गल्लीतलीच. शरदिनी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. हट्टी इतकी, की रिक्षावालेसुद्धा तिच्याशी वाद घालत नसत.

तीन वर्षांपूर्वीची बारा जानेवारी. गुरुवार. दुपारी चारला ती संकठा घाटावरून रामसूरत मल्लाहच्या नावेत बसली. काम साधंच होतं, पाणी मोजायचं.

गंगेपलीकडे रेतीच्या मागे एक सोता आहे. पावसाळ्यात नदी त्यातून वाहते. पाणी उतरलं की मागे संथ, उथळ पाणी उरतं. माशांची पिल्लं, कासवं तिथंच वाढतात, मोठ्या धारेत ती टिकत नाहीत. पण सोत्याचं तोंड नदीला जोडलेलं हवं. नदी फार खाली गेली की तोंडाशी रेती उघडी पडते. मग आतलं पाणी आटत जातं आणि आतले जीव आतच मरतात.

तो सोता बुजवून वरून रस्ता न्यायचं घाटत होतं. शुक्रवारी सकाळी दहाला सुनावणी. साहेब लोकांचं म्हणणं, हिवाळाभर तोंड बंदच असतं, सोता मेलाय. शरदिनी म्हणायची, मेला नाही, तुम्ही त्याला पाणी देत नाही. नदी दीड हात चढली तर तोंड उघडतं. आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी, संक्रांतीच्या स्नानासाठी वरच्या धरणातून सोडलेलं पाणी काशीला पोचणार होतं. रात्रीतून ते उतरलं, की पुरावा गेला.

"पण काका, एकटी का गेली ती?" संपदा, तेच मीही विचारलं होतं. म्हणाली, "सोबत मागितली की लोक आधी सल्ला देतात."

आणखी एक सांगायचं राहिलं. तिचा धाकटा भाऊ सुश्रुत. नऊ वर्षांचा होता. एका श्रावणात त्याच सोत्यात बुडाला. देह मिळाला नाही.

तोंडाशी तिनं बांबू रोवला होता, वीतवीतभर अंतरावर खाचा पाडलेला. तिसऱ्या खाचेला पाणी लागलं की दीड हात. सहा वाजता पाणी पहिल्या खाचेला होतं. सव्वासहाला धुकं दाटलं. रामसूरत नावेजवळून ओरडला, "दीदी, चलिए अब. यहाँ बुड़ुआ बोलता है. आवाज दे तो जवाब मत दीजिएगा." बुडुआ म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत. मल्लाह लोक एरवी त्याचं नावही रात्री घेत नाहीत.

"मला ऐकून घ्यायची सवय आहे," ती म्हणाली. आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

सातला दुसरी खाच. सोत्याकडून कुणीतरी हाक मारली.

"ताई..."

लहान मुलाचा आवाज. मराठी. त्या रेतीवर मराठी कोण बोलणार?

"ताई, घरी चल."

तिनं बांबू घट्ट धरला. रामसूरतनं सांगितलेलं आठवत होतं. तरी बोललीच. "सुश्रुत मला ताई कधी म्हणाला नाही. दुसरं काही शोध."

आवाज थांबला. धुकं. पाणी.

मग अगदी पाठीशी...

"शरू."

ते नाव घरात एकटा तोच घ्यायचा.

तिनं टॉर्चचा झोत खाचेवर रोखून धरला. हे तिनंच सांगितलं मला. वळली नाही. दात आवळून म्हणाली, "तू असशील तर नीट ऐक. उद्या हा सोता बुजवायचं ठरणार आहे. तू आहेस तिथं रेती ओतणार आहेत. आकडा घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही. न्यायचंच असेल, तर आकडा झाल्यावर ने."



टॉर्च विझली.

आता खाच दिसेना. तिनं हात पाण्यात घातला. बांबू चाचपला. बोटं गारठलेली. काही लागेना...

पाण्यातून एक हात आला. तिचं बोट धरलं. खाचेवर ठेवलं.

लहान हात होता.

आणि गार नव्हता.

ती तिथूनच मोजत खाली गेली. दुसरी. पहिली. म्हणजे हात होता तो तिसऱ्या खाचेवर. पाणी तिथंच टेकलेलं. तेवढ्यात पायाखालची रेती सरकली, पाणी खळाळलं, आणि नदी सोत्यात शिरली. सात चाळीस. पिंडऱ्यांवर माशांचे धक्के लागत होते, ती सांगायची.

"रामसूरत! फोटो!" ती ओरडली. तो धावत आला, मोबाइलच्या उजेडात फोटो काढले. पाणी वाहतंय, बांबू, तिसरी खाच, सगळं आलं. तिच्याशिवाय कुणी दिसलं नाही.

सुनावणीत साहेब हसले. "मैडम, अँधेरे में पढ़ा कैसे?"

"हाथ से," ती म्हणाली. "आपको शक हो तो चलिए, मेरे साथ पानी में खड़े रहिए. नदी दीड हात ठेवा, सोता जिवंत राहतो. त्याखाली नेलीत, तर मारणारे तुम्ही."

चिडली की ती मराठीवर यायची. पण समजलं सगळ्यांना. पाहणी झाली, पुन्हा पाणी चढलं तेव्हा तोंड पुन्हा उघडलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. रस्ता दुसरीकडून गेला. सोता अजून आहे.

"काका, और वो आवाज?" वेदांत, मला काय माहीत? मी स्वतः पाहिलं, तेवढंच आता सांगतो.

त्या गुरुवारी रात्री नऊला ती ओल्या साडीनं थेट आमच्याकडे आली. पिशवीतली स्टीलची बाटली काढून म्हणाली, "वासुदेवदादा, पाणी प्यायलाच विसरले दिवसभर." बाटली तिनं घरी भरलेली. झाकण तेव्हापासून उघडलेलं नव्हतं, मलाच जोर लावून फिरवावं लागलं. मी पाणी तांब्यात ओतलं.

तांब्यात मासा फिरत होता. रोहूचं पिल्लू, नखाएवढं.

शरदिनीनं तांब्या दिव्याजवळ धरला. मग हळूच म्हणाली, "एवढी पिल्लं श्रावणात असतात, दादा. जानेवारीत... कुठंच नसतात."