पेशंट घरीच भेटल्या

सहीपुरतंच काम होतं. भैरवगढला प्रभाकरकाकांकडे जायचं, अपिलावर त्यांची सही घ्यायची आणि तिथूनच ते ऑनलाइन पाठवायचं. मुदतीचा शेवटचा दिवस होता.

इन्शुरन्स कंपन्यांनी नाकारलेले क्लेम मी लढवते, फी न घेता. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं होतं. काकांची बायको, शोभाकाकू, कॅन्सरने हॉस्पिटलातच वारल्या. काकांनी घर गहाण टाकून बिल भरलं. आणि कंपनीने क्लेम फेटाळताना काय लिहावं? 'आमचा तपासनीस घरी गेला असता पेशंट स्वतः भेटल्या. आपल्याला काहीही झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं.' ही भेट काकूंचा दहावा होऊन गेल्यानंतरची! म्हणजे ऑफिसात बसून खरडलेला रिपोर्ट. अपिलात मी तेच लिहिलं: तपासनीस खोटं बोलतोय, त्या घरात त्याला कोणीही भेटलेलं नाही.

त्या तपासनिसाला, रमेशला, मी फोन करून तिथेच बोलावलं होतं. येणार नाही याची खात्री होती. पण तो आधीच येऊन काकांसमोर बसला होता.

दिवेलागण होत आली होती. शेजारच्या कापडछपाईच्या कारखान्यात लाकडी ठप्पे पडत होते, धप्… धप्… आणि ओल्या रंगाचा आंबूस वास खोलीत साचला होता.

"झूठ लिखने का अलग से मिलता है क्या?" मी आत शिरताच विचारलं.

"मैडम, माताजी ने खुद दरवाज़ा खोला था," तो हळूच म्हणाला. "बाल धोकर आई थीं. कमर तक गीले बाल…"

काकांनी मान वर केली. "बाल थे?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "केमोत सगळे गेले होते गं तिचे."

"बोलीं, मुझे कुछ नहीं हुआ."

काका हसले, भरल्या डोळ्यांनी. "हेच म्हणायची. फार दुखायला लागलं की मुद्दाम पोहे करायला उठायची."

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी तो नीट वाचला आणि परत केला.

"यात लिहिलंय, ती इथे नव्हती."

"नव्हत्याच, काका! सही नाही केली तर घर जाईल."

"आणि केली तर ती."

मी पेन त्यांच्यासमोर ठेवलं.

"तिलाच विचारू," काका उठले. "पाहुणा एकटा बसलेला तिला चालायचं नाही, लगेच बाहेर यायची. रमेश, तुम पूछ लो उससे." त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. मी चिडून मोबाइलवर वेळ बघत होते, तेवढ्यात शेजारचे ठप्पे थांबले.

"नमस्ते माताजी…" रमेशचा आवाज. मग शांतता, समोरचं माणूस बोलत असावं एवढी. "जी… साइन के लिए ही… जी, अंदर हैं."

काकांनी माझं मनगट धरलं. "तुला ऐकू येतंय? तिचं?"

"नाही…"

"मलाही नाही," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आम्ही बाहेर आलो तेव्हा रमेश एकटाच होता, हात अजून जोडलेले.

"बोलीं, साइन कर दो, घर मत जाने दो. मुझे कुछ नहीं होगा."

काकांनी सही केली. मग कडी लावायला दारापर्यंत गेले आणि न लावताच परतले. "असू दे उघडं."

अपील मंजूर झालं. मी पेढे घेऊन गेले, तेव्हा काका म्हणाले, "घर फार रिकामं झालंय गं. ती गेली तेव्हाही असं नव्हतं."

काल रमेशचा फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, देवास गेटजवळ, दुसऱ्याच एका पेशंटच्या चौकशीला गेला होता. इतका हळू बोलत होता की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. काकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू?

"मैडम… दरवाज़ा माताजी ने खोला. वही थीं. मुझे पहचाना नहीं. पूछ रही थीं… बेटा, मैं किसके घर की हूँ?"